पहिल्याच हाकेला

माईकवरून माझं नाव आलं, मी उठायला म्हणून खुर्चीत पुढे सरकले, आणि अप्पांनी मांडीवरच्या टॉवेलाखालून माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे ओढलं नाही, नुसतं दाबलं. दोन बोटं नाडीवर, अंगठा वरून, जरा रेटून. अप्पांच्या गुळाच्या बाजारात या दाबाचा अर्थ 'थांब, अजून तोंड उघडू नको' असा होतो, आणि तो मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून मी थांबले. बारावी सायन्स पास झालेली, फार्मसीच्या डिप्लोमाला जन्मात पहिल्यांदा अर्ज केलेली, सकाळपासून प्रवेशफेरीच्या त्या कोंदट हॉलमध्ये याच एका हाकेची वाट बघत बसलेली मी, बापानं मनगट दाबलं म्हणून जागच्या जागी बसून राहिले. स्टेजवरच्या साहेबांनी चष्म्यावरून हॉलभर नजर फिरवली, यादीवर पेनानं काहीतरी खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. ते मोनाचं होतं. मोना म्हणजे बिद्रीची, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली मुलगी, जिची आणि माझी ओळख त्याच सकाळी झाली होती आणि जिनं पहिल्या पाच मिनिटांत मला सांगून टाकलं होतं की तिला कोल्हापूरचंच कॉलेज पाहिजे, दुसरं काही दिलं तर ती तिथंच बसून रडणार आहे. ती उठता उठता माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तुझं नाव घेतलं की आधी," आणि चपला फटफटवत स्टेजकडे गेली.

अप्पा समोर बघत होते, म्हणजे बाजारात बघतात तसं, बघितल्यासारखं न करता. मी हळूच म्हणाले, माझंच नाव होतं ते. त्यांनी ओठ फारसे न हलवता सांगितलं, "ऐकलं की. पुकारू दे अजून. तीनदा पुकारत्यातच." तेव्हा काय झालंय ते मला कळलं. अप्पांचं नाव वीरभद्र, शाहूपुरीत गुळाची दलाली करतात. आमच्याकडे माल उठतो तो बोलीनं, एक वार, दोन वार, तीन वार, आणि पहिल्या पुकाराला जो हात वर करतो त्याला सगळे मनातल्या मनात हसतात. पहिल्या भावाला होय म्हणणारा माणूस एकतर खुळा असतो नाहीतर अडलेला असतो, हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. शिवाय त्यांच्या अनुभवात आधी हलका माल बाहेर काढतात आणि चांगला राखून ठेवतात. तेव्हा सरकारी हॉलमध्ये सरकारी माणसानं पहिल्यांदा पुकारलं आणि आपण धावत गेलो, तर आपल्या हातात कुठली तरी उरलीसुरली जागा कोंबतील, असं त्यांना वाटलं असणार. इथं उलटं असतं, आधी जो उठतो त्याला चांगलं मिळतं आणि जसजसा वेळ जातो तसतसा माल हलका होत जातो, हे मला माहीत होतं. मी ते त्यांना सकाळी स्कूटरवरून येताना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मला ही जागा किती हवी आहे ते दिसलं असतं, आणि आमच्या घरात ते दिसू द्यायचं नसतं.

माझ्या लहानपणी बाजारात टॉवेलाखालचे सौदे अजून व्हायचे. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका टॉवेलाखाली जायचा, बोटं धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, आणि त्यातून आकडा सांगायचा. तोंडानं बोलायचं ते पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं, फार तर कुणाच्या तरी गुडघेदुखीचं. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. पुढे ते बंद झालं, उघड बोली आली, पण अप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल गेला नाही आणि त्यांच्या हाताची सवयही गेली नाही. संध्याकाळी जेवण व्हायच्या आधी ते मला आणि रक्षिताक्काला समोर बसवून टॉवेलाखाली बोटं धरायला शिकवायचे. इतर घरांत पोरं पाढे म्हणायची, आम्ही टॉवेलाखाली हात घालून एकमेकींचा भाव पाडायचो. अक्का थोरली असून नेहमी हरायची, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं. मी जिंकायचे. अप्पा खूश होऊन अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, हाक मारायचे आणि आमच्या घरच्या कानडीत म्हणायचे, हिचं तोंड बघ, दगड आहे नुसता. मला ते इतकं आवडायचं की मी शाळेतही दगडासारखं तोंड करून बसायला लागले, आणि बाई म्हणायच्या ही मुलगी आजारी आहे का बघा.

टॉवेल बाजारातून गेला तो आमच्या घरात येऊन राहिला, असंच म्हणायला पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमचा कुलधर्म. पाहुण्याकडे गेलं तर चहा दोनदा नको म्हणायचा आणि तिसऱ्यांदा घ्यायचा, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही तर तसंच तहानलेलं घरी यायचं. अव्वा, तिचं नाव शिवम्मा, महाद्वार रोडला साडी घ्यायला गेली की जी आवडली तिच्याकडे ढुंकून बघायची नाही, दुकानदाराला भलभलत्या वीस साड्या उलगडायला लावायची आणि जाता जाता, तीबी दाखवा बघू, म्हणायची. अक्काला संकेश्वरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा सगळ्यांना पहिल्याच दिवशी पसंत होता. अक्काला तर इतका पसंत होता की ती त्या दिवशी जेवली नाही. अप्पांनी त्यांना निरोप दिला, "नोडोण." नोडोण म्हणजे बघू. आमच्या घरात कानडीत नोडोण आणि मराठीत बघू, या दोन शब्दांवर सगळा संसार चालला. कित्येक दिवस अप्पा बघू म्हणत राहिले आणि अक्का माजघरात तोंड फिरवून रडत राहिली, आणि शेवटी तीच माणसं आपणहून परत आली, आधीपेक्षा नमून आली. अक्काचं चांगलं झालं. त्यामुळे अप्पांची रीत बरोबर ठरली आणि रडणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, बहुतेक अक्काच्यासुद्धा.

मीही काही कमी नाही. जूनमध्ये निकाल लागला आणि मेडिकलला मार्क पुरणार नाहीत हे उघड झालं तेव्हा घरात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, अप्पांनी राजारामपुरीतल्या माझ्या बारावीच्या क्लासवाल्यांकडे जाऊन पुन्हा एक वर्ष बसवलं तर कसं, याची चौकशी केली. दुसरी, मी मिळतील तिथले अर्ज आणून भरायला लागले. आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, बीएस्सी, फार्मसी. मला पाहिजे होती फक्त फार्मसी. बाकीचे अर्ज मी का भरले म्हणाल, तर जी साडी आवडली तिच्याकडे बघायचं नसतं म्हणून. जेवताना मी सगळ्यांबद्दल सारख्याच कंटाळलेल्या आवाजात बोलायचे आणि फार्मसीचं नाव मधेच कुठेतरी घ्यायचे, पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. अप्पा ऐकून घ्यायचे आणि बघू म्हणायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त माझं भांडं लपवण्यात मी इतकी पटाईत निघाले की ताक देणाऱ्याला मी ताकाला आलेय हेच कळेना. त्या फार्मसीच्या अर्जाला फोटो हवा होता म्हणून मी मिरजकर तिकटीजवळच्या स्टुडिओत एकटी गेले, तिथल्या कंगव्याला मोगऱ्याच्या तेलाचा वास येत होता, आणि फोटोवाला म्हणाला जरा हसा, तर माझ्या लक्षात आलं की मी आधीपासूनच हसतेय. फोटोत मी दात दाखवून हसलेली आहे. तसा फोटो बाकी कुठल्याच अर्जाला लावला नाही, त्यांना जुने लावले.

फार्मसीच का, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. सातवीत मला टायफॉइड झाला होता. दवाखान्यात डॉक्टर अव्वाशी बोलत होते आणि अव्वा प्रत्येक गोष्टीला बघू म्हणत होती, डॉक्टरही शेवटी म्हणाले, बघू दोन दिवस. मग आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरमागच्या माणसानं चिठ्ठी वाचली, खण उघडला, पाकीट काढलं, त्यावर पेनानं रेघा मारल्या आणि माझ्याकडे बघून, अव्वाकडे नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर घ्यायची, बरं वाटलं तरी मधे सोडायची नाही. तापात माझं डोकं जड झालं होतं, तोंड कडू पडलं होतं, आणि तरी त्या वाक्यानं मला इतकं बरं वाटलं की मी काउंटरच्या काचेला कपाळ टेकवून उभी राहिले. असं कुणी बोलतं हे मला नवीन होतं. पाकिटावरसुद्धा सगळं छापलेलं, आत काय आहे, किती आहे, कधीपर्यंत चालेल, आणि किंमतसुद्धा, कुणाचाही हात टॉवेलाखाली न जाता. पुढे बारावीला प्रयोगशाळेत मोजनळीतून थेंब थेंब सोडायचो, खाली चंबूतलं पाणी किती वेळ तसंच राहायचं, आणि मग एका थेंबाला ते गुलाबी व्हायचं आणि गुलाबीच राहायचं. मैत्रिणी कंटाळायच्या. मी त्या थेंबाची वाट बघत श्वास धरून उभी राहायचे आणि तो आला की माझे खांदे खाली यायचे. हे सगळं जोडून, मला औषधांचं शिकायचंय कारण तिथं सरळ बोलतात, असं घरी कसं सांगणार. घरच्यांना तो टोमणा वाटला असता, आणि थोडा तो होताही.

मोना परत आली. तिच्या हातात कागद होता आणि चेहरा इतका उघडा होता की मला तिच्याकडे बघवेना. कोल्हापूर, ती म्हणाली, माझ्याकडे आणि तिच्या वडलांकडे आलटून पालटून बघत. तिचे वडील कृष्णात, बिद्रीच्या साखर कारखान्यात होते, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि अप्पांना विचारलं, "काय पावणं, तुमचं नाव न्हाय व्हय पुकारलं?" अप्पांनी मान अशी हलवली की तिच्यातून होय आणि नाही यांतलं काहीही घेता यावं. स्टेजच्या कडेला एक फळा होता, त्यावर कॉलेजांची नावं आणि पुढे उरलेल्या जागा खडूनं लिहिलेल्या होत्या. एक शिपाई दर थोड्या वेळानं उठून ओल्या फडक्यानं एक आकडा पुसायचा आणि त्याखालचा लिहायचा. कोल्हापूरच्या पुढचा आकडा त्यानं पुसला तेव्हा फडक्यातलं पाणी फळ्यावरून ओघळत खालच्या कॉलेजच्या नावावर गेलं. बाहेर पाऊस चालूच होता, हॉलमध्ये सगळ्यांचे रेनकोट खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घातलेले, त्यांचा रबरी वास, खडूचा वास, कुणीतरी उघडलेल्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. वरचा पंखा एका लयीत कुरकुरत होता. नावं पुकारली जात होती आणि प्रत्येक नावाला कुणीतरी उठत होतं, पहिल्याच हाकेला, धडपडत, पिशव्या पाडत, माझ्याशिवाय सगळे.

मला त्या क्लासची खोली दिसायला लागली. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर, बाकं इतकी जवळ जवळ की मधल्या मुलीला उठायचं तर सगळ्या रांगेनं उठावं लागे. तिथं मी बारावीचं वर्ष काढलं होतं, पोट दुखत असताना, आणि पोट रोज दुखत होतं. तपासणीत काही निघालं नव्हतं. डॉक्टर होणार का विचारलं की मी बघू म्हणायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा. खरं म्हणजे मला आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून त्याच्या बायकोला काय होईल ते सांगायची भीती वाटायची. मेडिकलला मार्क पुरले नाहीत त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं आणि मी न्हाणीघरात जाऊन पाण्याचा नळ सोडून हसले होते. आता ती खोली, ती बाकं आणि ते पोट पुन्हा एक वर्ष. आज ही जागा गेली तर आयुर्वेद नाही, होमिओपॅथी नाही, अप्पा क्लासच म्हणतील, आणि मी दगडासारखं तोंड करून जाईन. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायची ही आमची रीत बाजारात कदाचित चालत असेल, पण मी गुळाची ढेप नाही, माझा भाव उद्या चढणार नाही, असं मला ओरडून म्हणावंसं वाटलं. ओरडले नाही. बोटं अप्पांच्या टॉवेलाखालीच होती अजून. त्यांचा हात गरम होता, तळव्याला गुळाच्या कामानं आलेला खरखरीतपणा होता, आणि त्या हातावर माझा इतका विश्वास होता की त्याचाच राग येत होता.

शिपायानं कोल्हापूरपुढचा शेवटचा आकडा पुसला आणि तिथं शून्य काढलं. शून्य नीट गोल आलं नाही म्हणून त्यानं ते पुन्हा पुसून काढलं. अप्पांनी ते बघितलं. त्यांचा दुसरा हात सदऱ्याच्या आत गेला आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर थांबला, तो असा एरवी फक्त वळवाच्या गारा पडायला लागल्यावर जातो. "अजून पुकारंनात कसं," ते म्हणाले. मला विचारत नव्हते, नुसतं म्हणाले. आणि मला एकदम दिसलं की त्यांना खरंच माहीत नाही. ते माझी अडवणूक करत नव्हते, मला फार्मसीपासून लांब ठेवत नव्हते. ते माझ्यासाठी जिवाच्या आकांतानं सौदा करत होते, त्यांना येते त्या एकाच रीतीनं, आणि समोर घेणारा-देणारा कुणी नव्हताच. त्यांना माल कुठला हवाय हेही कुणी सांगितलं नव्हतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि मी तर तोंड बंद ठेवण्यात पहिला नंबर काढलेली.

बोलायचं ठरवलं तर शब्द येईनात.  मी मनात वाक्यं केली. अप्पा, मला वाटतं. अप्पा, तुम्ही म्हणाल तसं, पण. अप्पा, बघा ना जरा. प्रत्येक वाक्यात मीच माझा भाव पाडत होते. शेवटी मी टॉवेलाखालून हात काढून घेतला. तो मांडीवर उघडा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाले, "अप्पा, मला फार्मसीच पाहिजे. बाकी काही नको." माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे वळून बघितलं. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. ते असे बघतात तेव्हा समोरचा माणूस भाव वाढवतो, पण मला वाढवायला काही नव्हतं, मी सगळं सांगून बसले होते. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पहिल्यापासून. "मग बोलली का न्हाईस?" विचारता विचारता त्यांनीच नजर खाली घेतली. मांडीवरचा टॉवेल उचलला, झटकला, चौघडी घालून माझ्या हातात दिला, आणि उभे राहिले.

मला वाटलं, ते बाहेर जाणार. कुणाला तरी फोन करतील, कुणाची तरी ओळख काढतील, टॉवेलाखालून काहीतरी होईल. पण ते रांगेतून सगळ्यांचे गुडघे चुकवत मधल्या वाटेवर गेले आणि तिथूनच, हॉलच्या मधोमध उभे राहून बोलले. "साहेब, जरा ऐका. माझ्या पोरीचं नाव मगाशी पुकारलासा. सौंदर्या. ती उठत हुती, मीच धरून बशिवली. मला वाटलं तीनदा पुकारत्यात. तिची चूक न्हाय, चूक माझी हाय." साहेबांनी मान वर केली. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. अप्पांचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं. ते थांबले, आणि मला वाटलं झालं, आता ते बघा जमलं तर म्हणतील, आणि खाली बसतील. पण ते म्हणाले, "आमाला ही जागा पायजे. लई पायजे."

लोक हसले. वाईट नाही हसले, पण हसले. साहेबही हसले आणि माईकवरच म्हणाले, "पावणं, हा काय लिलाव न्हवं. एकदा पुकारलं की पुढं जातोय आम्ही. बसा. यादी संपली की राहिल्याली नावं घेतो, जागा उरली तर." अप्पांनी मान हलवली, पुन्हा सगळ्यांचे गुडघे चुकवत परत आले आणि बसले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. शाहूपुरीत कुणी ऐकलं असतं की वीरभद्राप्पा भर सभेत लई पायजे म्हणाले, तर लोकांनी त्यांची तब्येत विचारायला घरी रांग लावली असती. ज्याला माल हवाय हे कळलं तो मेला, हे ते मला सांगत आले होते, आणि आता ते स्वतःच मेल्यासारखे बसले होते, खांदे पाडून. तेलबी गेलं तूपबी गेलं, असं काहीतरी पुटपुटले. मला खरं म्हणजे रडू यायला हवं होतं, जागा मिळालेली नव्हती, कोल्हापूर तर गेलंच होतं. पण मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, अगदी शरीरात, बरगड्यांच्या खाली, जिथं वर्षभर दुखत होतं तिथं. जागा मिळायच्या आधीच वाटलं, आणि मला त्याची जरा लाजही वाटली. माणसाला जे हवंय ते मोठ्यानं सांगितलं गेलं, सगळ्यांनी ऐकलं, हसले, आणि छत काही कोसळलं नाही, पंखा तसाच कुरकुरत राहिला.

मोना आणि तिचे वडील जाऊ शकले असते, पण गेले नाहीत. मोनाला वाटत होतं की तिनं माझी जागा घेतली. मी तिला सांगितलं की जागा कुणाचीच नसते, जो उठतो त्याची असते, आणि मी उठले नाही. तिला ते पटलं नाही. तिनं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि माझ्यापुढे धरले. मी सवयीनं नको म्हणाले. ती लगेच डबा मिटायला लागली, तशी मी घाईनं म्हणाले, दे, दे, भूक लागलीय. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि लाडवात वेलदोडा जास्त झाला होता, मी दोन खाल्ले. अप्पांनीही एक घेतला, पहिल्यांदा विचारल्यावर. कृष्णात काका अप्पांना सांगत होते की त्यांचा सख्खा भाऊ असाच एकदा भरतीला नाव पुकारल्यावर संडासात होता आणि पुढं फौजेत जायचा तो हातमागावर गेला, आणि अप्पा मन लावून ऐकत होते, जसा काही तो आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर आहे.

दुपार कलली. हॉल निम्मा रिकामा झाला, रेनकोट गेले, वास गेला. साहेबांचा आवाज बसला होता, ते मधून मधून पाणी पीत होते. शेवटचं नाव झालं, त्यांनी यादी उलटी केली आणि मागच्या खुणा बघायला लागले. राहिलेली नावं थोडीच होती. एक नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. मग सौंदर्या आलं, आणि ते पुरतं यायच्या आत मी मधल्या वाटेवर होते. अप्पा कुठे होते मला माहीत नाही, मी मागे बघितलं नाही. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ह्या वेळी वडलांनी सोडलं व्हय गं?" मी हो म्हणाले. त्यांनी सांगितलं की कोल्हापूर संपलंय, आता दोनच उरल्यात, एक इचलकरंजीच्या बाजूला, नवीन कॉलेज आहे, अजून नीट रस्ता नाही, आणि दुसरी पार सोलापूरकडं. मग ते म्हणाले, घाई नको, वडलांना विचारून ये हवं तर. मी म्हणाले, इचलकरंजी. ते म्हणाले, नक्की? मी म्हणाले, हो, नक्की, घेतली. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि मी सही केली. सही वेडीवाकडी आली. शिपायानं फळ्यावरचा तो एकाचा आकडा पुसला आणि यावेळी शून्य बरं काढलं. मी कठडा धरून पायऱ्या उतरले. खाली अप्पा उभे होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना दिसलंच असणार, आणि मी लपवतही नव्हते.

कोल्हापूर हुकलं ते हुकलं. घरापासून चालत जाता आलं असतं असं कॉलेज गेलं, आता रोजचं एसटीचं येणं-जाणं, नाहीतर इचलकरंजीत खोली, यंत्रमागांच्या खडखडाटात. ते मला पायऱ्या उतरतानाच कळलं आणि जरासं टोचलं. टोचलं, पण हायसं वाटणं त्याहून मोठं होतं. बाहेर पाऊस थांबला होता. मोना गेटपर्यंत आली, तिनं मला घट्ट मिठी मारली आणि तिच्या वडलांच्या मागे पळाली. अप्पांनी स्कूटरची सीट हातानं पुसली, किल्ली लावली, पण किक मारली नाही. हँडलवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.  ते म्हणाले की अव्वाला आज त्यांनी काय केलं ते तेच सांगतील, मी सांगायचं नाही, नाहीतर मी त्यांची बाजू घेऊन सांगेन. मग म्हणाले की क्लासवाल्याला उद्या सकाळी जाऊन नाही म्हणून येतील, आणि इचलकरंजीला त्यांच्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडं खोलीचं बघतील. हे सगळं ते गेटकडे बघत बोलत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं. "आजच सांगून टाक. मला न्हाय कळत बघ तसं."

मला हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी काही नको म्हणाले असते. मला वाटलं होतं, कधी कुणी विचारलंच तर सांगायला माझ्याकडे पुष्कळ असेल, वर्षानुवर्षं साठवलेलं. मी शोधलं. आत काही सापडेना, सगळं त्या हॉलमध्येच सांगून झालं होतं. फक्त एक होतं, आणि ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"मला खोली नको," मी म्हणाले. "मला रोज घरी यायचंय."

"ये की," अप्पा म्हणाले.